डाव्या हाताचा माउस

वारजे, पुणे
पितृपक्ष, २०१३

तीर्थरूप अक्कांना दुर्गाचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली पूर्ण वाकू देत नाही, तेव्हा जेवढा वाकला तेवढा नमस्कार पोचला असं समजावं.)

तुमचे गुडघे कसे आहेत? तेल लावता का, की बाटली अजून कपाटातच आहे? चि. उत्तरेश्वरचं दुकान चालतंय ना? बार्शीला पाऊस झाला असं पेपरात वाचलं, पण पेपरातल्या पावसावर माझा विश्वास नाही, तुम्ही कळवा. इथे सगळे बरे आहेत. अभिनव सकाळी हिंजवडीला जातो आणि दमून येतो. दिवसभर खुर्चीत बसून माणूस एवढा कसा दमतो हे मला पूर्वी कळत नसे, आता थोडं कळतं. सूनबाई प्रियदर्शनीचं ऑफिसही तिकडेच आहे, पण ती दमली तरी सांगत नाही. सृष्टी बालवाडीत जाते आणि आल्यावर आम्हा सगळ्यांना बाईंसारखं ओरडते.

तुमचा फोन आला तेव्हा मी दळण आणायला गेले होते. अभिनवने सांगितलं की दसऱ्याला सृष्टीच्या पाटीपूजनाला तुम्ही येताय. फार बरं वाटलं. घरात वडीलधारं आता तुमच्याशिवाय कोण आहे? पोरीचा हात धरून पहिला श्री तुम्हीच काढून घ्यायचा. तुम्ही त्याला असंही विचारलंत म्हणे, की आई डाव्या हाताने कॉम्प्युटर चालवते हे खरं का, आणि तिच्या हाताला झालंय तरी काय. त्याने काय उत्तर दिलं ते मला सांगितलं नाही, पण तेव्हापासून तो माझ्या मागे लागला आहे, की अक्काआत्या यायच्या आत तू उजव्या हातावर ये. मी येणार नाही म्हणाले. घरात सध्या एवढंच भांडण चालू आहे आणि तुम्ही येईपर्यंत ते निकाली लागावं असं दोघांनाही वाटतंय. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

तुम्हाला माहीत आहे मी जन्मापासून उजवी. पोळी उजव्या हाताने लाटते, रांगोळी उजव्याने, पोरांना धपाटाही उजव्यानेच घालत असे. फक्त कॉम्प्युटरचा माउस डाव्या हातात धरते, कारण मला तो तसाच शिकवला गेला. शिकवला म्हणजे काय, तुमचा भाऊ ज्ञानू काही शिकवणाऱ्यातला नव्हता. रिटायर झाल्यावर यांनी हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर मांडला आणि मी भाजी निवडायला यांच्या उजव्या बाजूला स्टूल घेऊन बसायला लागले. यांचा डावा हात माउसवर, उजवा हात माझ्या ताटात. मटार सोलून ठेवला की तो निम्मा यांच्या तोंडात. (आईंनी लहानपणी सांगून ठेवलं होतं की खायचं ते उजव्याच हाताने. ती शिकवण यांनी शेवटपर्यंत पाळली, आणि त्याचा भुर्दंड माझ्या मटारला बसला.) बघून बघून मला वाटलं माउस डाव्याच हाताचा असतो, जसं शिलाई मशीनचं चाक उजवीकडेच असतं, कोणी तक्रार करत नाही. एकदा बँकेत काउंटरमागची मुलगी उजव्या हाताने माउस फिरवताना दिसली, तर मी घरी येऊन यांना सांगितलं की बिचारी डावरी दिसते. हे जे हसायला लागले ते जेवायला बसेपर्यंत हसत होते, पण का हसताय ते सांगितलं नाही. मला कळलं ते हे गेल्यावर.

यांच्या डाव्या हाताची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही ती माझ्या आधीपासून बघितली आहे. पण कारखान्यातली गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. भोसरीला स्टोअरमध्ये हे क्लार्क होते तेव्हा यांचं अक्षर सगळ्या खात्यांत प्रसिद्ध होतं. साहेब लोक चिठ्ठी वाचायला शिपायाला यांच्याकडेच परत पाठवायचे आणि कधीकधी यांनाही ती वाचता यायची नाही. बोल्टच्या जागी भलतंच काही तरी आलं म्हणून एकदा मेमोसुद्धा मिळाला होता. मग नव्वद सालानंतर सगळीकडे कॉम्प्युटर आले तसे तिथेही आले. जुनी माणसं घाबरली. कोणी रजा टाकली, कोणी पंचांग बघून हात लावला. यांच्यासमोर माउस ठेवला आणि यांचा डावा हात आपण होऊन पुढे गेला. शिकवायला आलेल्या मुलाने काही न बोलता बटणांची अदलाबदल करून दिली. त्याला डावं-उजवं करायला वेळ नव्हता, त्याला जेवायला जायचं होतं. हे त्या दिवशी घरी आले ते चपला न काढताच मला म्हणाले, “दुर्गा, आज माझा हात वापरला.” मला काहीच कळलं नाही. मी विचारलं, म्हणजे रोज कोणाचा वापरता? पुढे थोड्याच दिवसांत खात्यात यांच्याइतकं भराभर काम कोणाचं होईना, आणि ज्यांनी अक्षराला नावं ठेवली ते शेजारी उभे राहून बघायला लागले.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. कोणी पाना ठेवतो, कोणी करवत. यांनी पाटावर आपला माउस ठेवला आणि भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं. त्या वेळच्या माउसच्या पोटात गोळी असायची. कुंकू आत गेलं, गोळी अडकली, आणि दसरा झाल्यावर पहिल्याच दिवशी स्टोअरचं काम बंद. यांनी गोळी काढून माझ्या साडीच्या तुकड्याने पुसली. तेव्हापासून यांच्या खिशात रुमालासोबत तो तुकडाही असे. (साडी नवी होती. तुकडा कुठून आला हे मला दिवाळीला कळलं.)

हे गेल्यावर कॉम्प्युटरवर मी चादर घातली. अभिनव म्हणाला कोणाला तरी देऊन टाकू. मी हो म्हणाले, आणि चादर तशीच राहिली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर आणि वाचनालयात झालं, हे तुम्हाला ठाऊक आहे. डोळे अधू झाल्यावर बारीक अक्षर दिसेना तेव्हा हे मला कॉम्प्युटरवर जुने मासिकांचे अंक काढून देत, अक्षर भेंडीएवढं मोठं करून. मी वाचायची आणि हे माउसचं चाक फिरवून पान पुढे न्यायचे. मी मान हलवली की पान सरकायचं. हे गेले तेव्हा एक गोष्ट अर्धी राहिली होती. त्यातल्या बाईचं पुढे काय झालं हे कळायला मला बरेच महिने लागले, कारण मान हलवून पान सरकेना. शेवटी एका दुपारी चादर काढली, यांच्या खुर्चीत बसले आणि यांचा हात जिथे असायचा तिथे माझा ठेवला. माउसच्या पाठीवर यांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली जागा आहे. माझा हात लहान, तो त्या जागेत पुरा मावतो. पहिलं बटण दाबलं आणि टक् असा आवाज आला. अक्का, हा आवाज स्वयंपाकघरात मला रोज ऐकू यायचा. त्यावरून मला कळायचं की हे घरात आहेत. गोष्टीतल्या बाईचं पुढे बरं झालं. मी दाळ करपवली.

आता मूळ विषय. तो माउस म्हातारा झाला. वायर आतून तुटली, विशिष्ट कोनात वाकवून धरली तरच चालायचा. मी तिला दोरा गुंडाळला, वर रबर लावलं, शेवटी बांगडीत अडकवून ठेवलं, तेव्हा कुठे पान सरकायचं. त्यात माझं मनगट धरलं. डॉक्टर म्हणाले हा माउस फेका आणि बिनवायरचा, हाताला आराम देणारा एखादा घ्या. फेका हे मी ऐकलं नाही असं केलं.

अभिनवने लगेच एक मागवला. खोका एवढा मोठा की मला वाटलं मिक्सर आला. आतला माउस हस्तांदोलनाला उभा राहिल्यासारखा आडव्याचा उभा होता. हाताला आराम मिळावा म्हणून त्याला अंगठ्यासाठी खळगा केलेला, बोटांसाठी उतार केलेला. मी डाव्या हाताने धरला तर उतार अंगठ्याखाली आणि खळगा करंगळीखाली. चुकीच्या पायात चप्पल घालून चालावं तसं झालं. अभिनव म्हणाला, आई, तो उजव्या हाताचा आहे, आरामशीर माउस सगळे उजव्या हाताचेच असतात. मी म्हटलं, मग आराम डाव्या हाताला नको असतो का? तो म्हणाला, डाव्या हाताचे कमी मिळतात, मागवावे लागतात, आणि तू मुळात डावरी नाहीस. हे खरं होतं. खरं असलं की मला फार राग येतो.

दुसरा सूनबाईने आणला. प्रवासात नेतात तसला, साबणाच्या संपत आलेल्या वडीएवढा. त्याचा आकार दोन्हीकडून सारखा होता, त्यामुळे डाव्या हाताला चालत होता, पण धरायला त्यात काही नव्हतंच. बोटं आखडून घ्यावी लागत आणि मनगट जास्तच दुखे. शिवाय मी त्याचा सेल घालायला विसरले आणि दुकानात जायच्या कंटाळ्याने भिंतीवरच्या घड्याळाचा काढून घातला. घड्याळ थांबलं हे कोणाच्या लक्षात आलं नाही. अभिनवची बस चुकली, सृष्टीची रिक्षा निघून गेली, आणि मी मात्र निवांत वाचत होते. पुढे बिनवायरचा आहे म्हटल्यावर कुकर लावताना तो स्वयंपाकघरातून चालतो का म्हणून ओट्यावर नेऊन पाहिला. पान सरकलं का हे बघायला दर वेळी हॉलमध्ये जावं लागे, त्यापेक्षा वायर बरी. तो माउस पुढे कांद्याच्या टोपलीत सापडला.

तिसरा पुन्हा अभिनवने. हा हाताला बरा होता, दोन्हीकडून सारखा, पाठ भरलेली. पण मुका. बटण दाबलं तरी आवाज नाही. ऑफिसात शेजाऱ्याला त्रास नको म्हणून असे निघाले आहेत म्हणे. मी दिवसभर वापरला आणि संध्याकाळी परत खोक्यात घातला. अभिनवने कारण विचारलं. मी म्हटलं आवाज येत नाही. तो म्हणाला, अगं तीच तर चांगली गोष्ट आहे. मुलगा चांगला आहे, अक्का, त्याला वाईट वाटू नये म्हणून बऱ्याच गोष्टी मी बोलत नाही.

मग तुमचा फोन आला आणि त्याने मला न विचारता कॉम्प्युटरमधली बटणांची अदलाबदल काढून टाकली, म्हणजे सगळं जगासारखं उजवं करून ठेवलं. जुना माउस उजवीकडे ठेवून ऑफिसला गेला. दुपारी मी बसले, माउस डावीकडे घेतला, दाबला, तर अंक उघडायच्या ऐवजी कसलीशी यादी खाली पडली. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी. आपल्याच घराची किल्ली आपल्याच कुलपात फिरू नये तसं झालं. कारखान्यातल्या त्या मुलाने जे करून दिलं होतं तेच यांनी घरीही स्वतः करून घेतलं होतं, आणि ते आता नव्हतं. मी कॉम्प्युटर बंद केला आणि पोळ्या करायला घेतल्या. त्या दिवशी पोळ्या इतक्या झाल्या की शेजारी द्याव्या लागल्या. संध्याकाळी प्रियदर्शनीने डबा उघडला, माझ्याकडे पाहिलं, हॉलमध्ये गेली आणि सगळं पुन्हा डावं करून आली. नवऱ्याला तिने सांगितलं नाही, मीही नाही. तुम्हीही सांगू नये.

शेवटी मी स्वतःच निघाले. वारज्याला येण्याआधी आम्ही कसब्यात दोन खोल्यांत राहायचो, तेव्हापासून हे शमशुद्दीनभाईंच्या दुकानात जायचे. पूर्वी तिथे रेडिओ दुरुस्त व्हायचे, आता कॉम्प्युटरचं सामान मिळतं, गिऱ्हाइकाला बसायचं बाक मात्र तेच आहे. मी दुकानात पूर्वी कधी गेले नव्हते, भाईंनी मला पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आधी मला निळे-तांबडे दिवे लागणारा एक माउस दाखवला. मी म्हटलं गणपती होऊन गेले. मग आणखी दोन उजव्या हाताचे. मग त्यांची सून तरन्नुम आतून म्हणाली, अब्बा, तो साधावाला दाखवा, जो कोणी घेत नाही. तो आला. काळा, दोन्हीकडून सारखा, पाठ तळव्यात भरेल एवढी, बिनवायरचा. मी तो डाव्या हातात घेतला, दाबला, कानाशी नेला. टक्.

भाई माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, “वहिनी, तुम्ही स्टोअरवाल्या साहेबांच्या ना?” मी विचारलं, कसं ओळखलंत? तर म्हणाले, इतक्या वर्षांत या काउंटरवर माउस डाव्या हाताने तपासणारा एकच माणूस बघितला. साहेब कसे आहेत विचारलं. मी सांगितलं. ते उठून उभे राहिले. तरन्नुमने चहा आणला. मग भाई जरा चाचरत म्हणाले, तुम्हीसुद्धा डावखुऱ्या आहात का?

“मी नाही,” मी म्हटलं. “आमचे हे होते.”

बोलल्यावर मला कळलं की हे उत्तर कुठल्याच प्रश्नाचं नीट उत्तर होत नाही. पण भाईंनी मान हलवली, जणू लोक रोज असंच सांगतात, आणि माउसमध्ये आपल्या हाताने सेल घालून दिला.

पितृपक्षात नवी वस्तू घेतली म्हणून रागावू नका. ज्यांच्यासाठी पक्ष पाळायचा त्यांच्याच हातासाठी घेतली आहे. माझं मनगट आता पुष्कळ बरं आहे. रोज दुपारी वाचते. सृष्टी मांडीवर बसते आणि माझ्या हातावर तिचा हात ठेवते, पान मी सरकवते पण तिला वाटतं ती सरकवते. जुना माउस मी फेकलेला नाही. खंडेनवमीला पाटावर ठेवणार आहे, कुंकू जरा जपून.

स्वारगेटला अभिनव न्यायला येईल, रिक्षावाल्याशी तुम्ही एकट्याने भांडू नका. उत्तरेश्वरला आशीर्वाद.

तुमची,
दुर्गा

ता. क. अभिनवने आणलेला उभा माउस नुसता पडून आहे. उत्तरेश्वरला हवा असेल तर जाताना घेऊन जा. त्याचे दोन्ही हात रिकामेच असतात, तेव्हा त्याला कुठलाही चालेल.

ता. क. आणखी. मी हे पत्र माउससाठी लिहिलेलं नाही. सृष्टी डावरी आहे. खडू, चमचा, कंगवा, सगळं तिच्या डाव्या हातात आपण होऊन जातं. अभिनव म्हणतो माझं बघून झालं, म्हणूनच तुम्ही यायच्या आत मी बदलावं असं त्याला वाटतं. माझं बघून झालेलं नाही. ती आपल्या आजोबांवर गेली आहे, आणि आजोबा तिला आठवतही नाहीत. दसऱ्याला पाटी समोर ठेवली की ती पेन्सिल डाव्या हातात घेईल. तुम्ही ती काढून उजव्यात देऊ नये एवढंच माझं मागणं आहे. यांच्या लहानपणी आईंनी ते काम तुमच्यावर सोपवलं होतं, हे यांनी मला एकदाच सांगितलं. तक्रार म्हणून नाही सांगितलं. म्हणाले, “अक्का हात धरायची तेव्हा तिचाच हात गार पडलेला असायचा.” आता आई नाहीत. तुम्हाला कोणी रागावणार नाही. हात धरायचा तो तुम्हीच धरायचा, फक्त डावा धरा.

ता. क. शेवटचं. सोबतच्या कागदावर जे आहे तो श्री आहे. काल दुपारी मी डाव्या हाताने काढला. माउस त्या हाताने सहज चालतो म्हणून मला वाटलं जमेल. मनगट भरून आलं, पेन्सिलीचं टोक मोडलं आणि अक्षर हे असं आलं. माझा तो हात लिहिण्याचा नाही, तसा यांचा उजवा नव्हता. माणूस पेन्शनीत निघेपर्यंत रोज असं लिहीत होता आणि आपण अक्षराला हसत होतो. येताना हा कागद पिशवीत ठेवा.